क्लिअर मारायच्या आदल्या दिवशी

गाड्या-विमानांच्या छोट्या प्लास्टिक मॉडेलवर रंग झाल्यावर एअरब्रशनं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या पेनाएवढ्या फवाऱ्यानं, जो पारदर्शक चकचकीत थर मारतात तो क्लिअर. सगळ्यात आधी त्याचा दिवस ठरवायचा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर मी लॅकर क्लिअरच्या बाटलीला हात लावत नाही. लॅकर पातळ करायला घातलेलं थिनर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्या गार थरावर बसतं आणि चकाकीच्या जागी दुधट झाक येते. एका जुलैत १/२४ ची, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाची, लाल गाडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडली. दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी तिच्यावर नुसतं लेव्हलिंग थिनर (सावकाश उडणारं थिनर) हलकंसं फवारलं, तेव्हा कुठं लाली परत आली.

पण कोरडे दिवस आले की उसाचा गळीत हंगामही येतो. शेतातलं पाचट पेटवलं की त्याची काळी राख गच्चीवर, कपड्यांवर, कुठंही पडते. म्हणून गच्चीवर फवारणी नकोच. खोलीतच काम करायचं, छताचा पंखा बंद, हवा बाहेर ओढणारा पंखा सुरू, आणि हवा आत येते त्या खिडकीला धुतलेली सुती साडी ताणून बांधलेली. फरशी तासभर आधी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यावी. अंगात स्वेटर नको, त्याचे तंतू नेमके बॉनेटवर जाऊन बसतात.

देवघरातली निरंजन शांत झाल्याशिवाय थिनरचं झाकण उघडायचं नाही, आणि शेजारी स्वयंपाकघर असेल तर गॅसही बंद हवा. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कार्बन काडतुसांचा रेस्पिरेटरच लागतो. गाड्यांच्या रंगकामातलं हार्डनर घालायचं टू-के क्लिअर कितीही आरशासारखं दिसलं, तरी त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. ते घरात आणू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून टाका. दाबलेली हवा गरम असते, नळीतून जाताना ती निवते आणि पाणी सुटतं, म्हणून पाणी अडवणारा फिल्टर उभा आणि कॉम्प्रेसरपासून थोडा लांब असावा. आधी दहा मिनिटं पुठ्ठ्यावर नुसती हवा सोडून थेंब उडतात का बघा. मी एअरब्रशच्या ०.३ मिमी नोझलला हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवतो, आणि तो आकडा ट्रिगर दाबलेला असतानाच वाचतो.

क्लिअर हलवू नका, ढवळा. हलवलं की बुडबुडे होतात आणि ते थेट मॉडेलवर फुटतात. मिस्टर कलरच्या जीएक्स१०० या लॅकर क्लिअरला मी त्याच कंपनीचं लेव्हलिंग थिनर निम्म्याला निम्मं घालतो, पण खरं प्रमाण चमचा सांगतो. मॉडेल रंगवतानाच एक प्लास्टिकचा चमचा त्याच रंगानं रंगवून ठेवलेला असावा. त्यावर आधी क्लिअर मारून बघा: संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर आणखी थिनर, ओघळ आला तर हात जड पडतोय.

मॉडेलचा रंग पुरता वाळलेला हवा, वास येत असेल तर थांबा. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यानं धुऊन वाळवा आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका, बोटांच्या तेलावर क्लिअर धरत नाही. गाडीची बॉडी धरायला एका बाटलीवर घट्ट बसवून रिकाम्या एअरब्रशनं सगळे कोन एकदा फिरून बघा. माझा हात चाकांच्या कमानीपाशी हमखास अडतो.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावून झाले असतील तर त्यांना दोन दिवस द्या आणि क्लिअरचे पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे मारा, नाहीतर लॅकर डेकलला सुरकुत्या पाडतं. १/७२ च्या मिग-२१ सारख्या विमानाला मात्र डेकलच्या आधीच ग्लॉस, म्हणजे चकचकीत क्लिअर हवा. खरखरीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि तिरंगी वर्तुळाभोवती चंदेरी कडा दिसते.

शेवटी डबा. मॉडेलपेक्षा मोठा, धुतलेला, कोरडा डबा हाताशी आधीच काढून ठेवा. शेवटचा हात मारला की बॉडीवर तो पालथा घाला, वाफ निघायला एका कडेखाली काडी सरकवा आणि दोन दिवस उचलून बघू नका.