ताऱ्याच्या थरथरीवरून ग्रहाचं माप कसं काढायचं

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, पण त्यावरून एवढंच कळतं की ग्रह ताऱ्याच्या कितवा हिस्सा आहे, म्हणजे ताऱ्याचं माप कच्चं तर ग्रहाचंही कच्चंच. ताऱ्याच्या आत गॅस खदखदतो, त्याने ध्वनिलहरी उठतात आणि उजेड किंचित कमीजास्त होत राहतो, हीच ताऱ्याची थरथर, ती मोजून ताऱ्याचं माप पक्कं करायचं. थोडं पायथन येत असेल तर घरबसल्या जमतं, डेटा फुकट आहे.

स्टेप १: केपलर-९३ हा तारा घ्या. सूर्यासारख्या ताऱ्याची थरथर साधारण ५ मिनिटांची, त्यामुळे केपलर दुर्बिणीचा दर मिनिटाला नोंदवलेलाच डेटा हवा. ३० मिनिटांवाला लाल राक्षसी ताऱ्यांना चालतो, इथे बिनकामाचा.

स्टेप २: लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजने डेटा उतरवा, ग्रहामुळे दर ४.७ दिवसांनी उजेडात येणारे खड्डे कापून टाका, मग पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला थरथर किती जोरात, त्याचा आलेख) काढा. ३३६६ मायक्रोहर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसेल, तिथे थरथर सगळ्यात जोरात, ती वारंवारता म्हणजे न्यूमॅक्स.

स्टेप ३: इथे घाई नको. उंचवट्यात शिखरांची रांग असते, पण लगतच्या दोन ठळक शिखरांमधलं अंतर साधारण ७३ मायक्रोहर्ट्झ भरतं आणि नवखा माणूस तेच लिहून मोकळा होतो, खरं तर एक सोडून पुढच्या शिखरापर्यंत मोजायचं, ते येतं १४५.५, हा डेल्टा न्यू. पुढच्या सूत्रात याचा वर्ग आहे, त्यामुळे अर्धा धरलात तर तारा चौपट फुगतो! पॅकेज आपोआप आकडा देतं, तरी डोळ्यांनी तपासाच.

स्टेप ४: त्रिज्या = (न्यूमॅक्स ÷ ३०९०) × (१३५.१ ÷ डेल्टा न्यू)चा वर्ग × (तापमान ÷ ५७७७)चं वर्गमूळ. ३०९०, १३५.१ आणि ५७७७ हे सूर्याचे आकडे. ताऱ्याचं तापमान त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून काढलेलं घ्या, इथे साधारण ५६७० केल्व्हिन. उत्तर सूर्याच्या ०.९३ पट, बारीक मॉडेलिंग केलेलं उत्तर ०.९२ आहे, म्हणजे कागदावरच्या हिशोबाला वाईट नाही.

स्टेप ५: ग्रह समोरून जाताना उजेड कमी होतो सुमारे ०.०२२ टक्के, म्हणजे ०.०००२२, त्याचं वर्गमूळ ०.०१४८. त्याला ०.९३ ने आणि १०९ ने गुणा (सूर्य पृथ्वीच्या १०९ पट), ग्रह पृथ्वीच्या दीडपट निघतो. २०१४ मध्ये संशोधकांनी स्पिट्झर दुर्बिणीचा डेटाही जोडून याचा व्यास १८,८०० किमी काढला, चूक फार तर २४० किमी इकडेतिकडे, तेही सुमारे ३०० प्रकाशवर्षांवरून!

आणि हो, लाल बटू ताऱ्यांवर हे ट्राय करू नका, त्यांची थरथर इतकी बारीक की नॉइजमध्येच हरवते.