कारखान्यातील गुणवत्ता मंडळ बंद का पडते? या चुका टाळा

एकाच विभागातील सहा ते दहा कामगारांनी स्वेच्छेने आठवड्यातून तासभर बसून आपल्याच कामातील अडचणी सोडवाव्यात, ही गुणवत्ता मंडळाची कल्पना १९६२ मध्ये जपानमध्ये गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने रुजली आणि १९८०च्या सुमारास हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम येथील भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यातून भारतात आली. मंडळ बंद पडले की कामगारांचा उत्साह ओसरल्याचे सांगितले जाते. माझ्या मते दोष बहुधा व्यवस्थापनाकडे असतो.

पहिली चूक सक्तीची. प्रत्येक विभागात मंडळ हवेच असे ठरवून वरून नावे काढली, की हजेरीचे रजिस्टर भरते, पण अडचण कोणी मांडत नाही.

त्याहून घातक चूक म्हणजे सुपरवायझरला वगळणे. बैठकीसाठी माणसे सोडायची त्याने आणि पाळीचे उत्पादन पूर्ण करून द्यायचेही त्यानेच, त्यामुळे तो बैठका पुढे ढकलत राहिला तर त्यात नवल नाही. प्रशिक्षण आधी त्याला द्यावे, शक्यतो पहिले नेतृत्वही त्याच्याकडेच असावे आणि बैठकीचा तास पाळीच्या उद्दिष्टातून वजा करावा.

सर्वांत मोठे नुकसान मात्र सूचनेला उत्तर न मिळाल्याने होते. समजा, ड्रिलिंग मशीनवरील फिक्श्चरमध्ये, म्हणजे भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यात, चिप्स (धातूचा कीस) अडकून भोक सरकते, हे मंडळाने रोजच्या नोंदी ठेवून आणि पॅरेटो आलेख (दोषांची कारणे मोठ्यापासून लहानाकडे मांडणारा स्तंभालेख) काढून दाखवले, आणि फिक्श्चरला छोटी खाच पाडण्याची मागणी केली. तो कागद देखभाल विभागात पडून राहिला, तर पुढची नोंद ठेवायला कोण पुढे येईल? उत्तराची मुदत ठरवावी, नकार असल्यास कारणासह मंडळासमोर सांगावा आणि किरकोळ खर्चाची मंजुरी विभागप्रमुखाच्या हाती द्यावी.

पगार आणि बढती हे विषय कामगार संघटनेचे आहेत. ते मंडळात आणू नयेत आणि संघटनेला सुरुवातीपासून विश्वासात घ्यावे. सुधारणेमुळे वाचलेल्या वेळेपोटी कोणाचीही नोकरी जाणार नाही, हे लेखी द्यावे, कारण ही भीती असेपर्यंत अनुभवी कामगार आपल्याला ठाऊक असलेला उपाय बोलून दाखवत नाही, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

मंडळ आधीच थंडावले असेल, तर नवे नाव देऊन उद्घाटनाचा कार्यक्रम करू नये. जुने रजिस्टर उघडून प्रलंबित सूचनांना एकेक करून उत्तर द्यावे आणि त्यानंतरच पुढची बैठक बोलवावी.