कॅम्पिंग ट्रेलरचे दिवे निवडा, पण आधी वायर जाड घ्या

दिवे निवडायला दहा मिनिटं पुरतात. सगळे 12 व्होल्टचे एलईडी घ्या. घरचे 230 व्होल्टचे बल्ब इन्व्हर्टरवर लावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकही दिवा लागलेला नसताना नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरसुद्धा बॅटरी खातो. पाकिटावर ‘10 ते 30 व्होल्ट’ लिहिलंय ना, तेवढं बघा. लिथियम बॅटरी चार्ज होताना 14.6 व्होल्टपर्यंत चढते आणि स्वस्त एलईडी पट्ट्या त्यातच जळतात. आत 3 वॉटचे चार दिवे भरपूर झाले, सगळे मिळून 1 अँपिअर. उजेड 3000 केल्विनचा, पिवळसर. बाहेरचा दिवा आयपी65, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारा.

आता वायर. हिने मला दोन हंगाम छळलं. ठाण्यात सोसायटीच्या आवारात चार्जरवर असलेल्या ट्रेलरमध्ये फ्रिज बिनतक्रार चालायचा. माळशेजला मुक्काम केला की मध्यरात्री बंद. सकाळी दूध नासलेलं, आतली भिंत हाताला कोमट. मी बॅटरी बदलली, तरी तेच. दोष वायरचा होता; चार्जरवर व्होल्ट चढे असल्याने ठाण्यात तो झाकला जायचा. ‘पाच अँपिअरला एकची बास’ असं सांगून दुकानदाराने 1 चौरस मिलिमीटरची दिली होती. ती तापत नव्हती, म्हणून मला संशयही आला नाही. पण 230 व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेत गेला तर घरात कळत नाही, 12 मधला गेला की फ्रिज बसतो.

बॅटरीपासून फ्रिज 5 मीटरवर असेल तर वायर 10 मीटर धरा, कारण करंट परतही येतो. हे परतीचं अंतर बहुतेक जण विसरतात. एकच्या 10 मीटर तांब्याचा रोध साधारण 0.19 ओहम. गुणिले 5 अँपिअर, म्हणजे जवळपास 1 व्होल्ट गेला. चारची वायर घातली तर जातो पाव व्होल्ट. म्हणून फ्रिजला चारचीच, दिव्यांना दीडची चालेल. आणि मल्टिमीटर फ्रिजच्या टोकाशी लावायचा तो फ्रिज चालू असताना. बंद असताना दोन्हीकडे आकडा सारखाच दिसतो. मी कितीतरी दिवस तसाच मोजत होतो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरच्या जाडीवरून ठरवा: चारच्या वायरला 15 अँपिअर, दिव्यांना 5.

सांधे डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका. डागाच्या कडेला तार कडक होते आणि घाटातल्या हादऱ्यांनी तिथेच तुटते. तारेच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, घालून पक्कडीने दाबून बसवा (क्रिंप करा), मग ओढून बघा. हाताने निघाला तर पुन्हा करा. आमच्याकडे खाडीची हवा तांबं हिरवं करते, त्यामुळे टिन्ड, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली, वायर मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी, बसवा.

दिव्याचं बटण दाराच्या आत, अंधारात हात जाईल तिथे.