मांटासोबत डाइव्ह: आधी एका जागी थांबायला शिका

आपल्याकडे पाकट म्हटलं की शेपटीचा काटा आठवतो. मांटा त्याच कुळातला, पण त्याला काटा नसतो आणि तीन-चार मीटरचे पंख पसरून तो डोक्यावरून जातो तेव्हा भीती वाटतही नाही. जपायचं असतं ते आपल्यापासून त्याला. मादीला एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने, त्यामुळे यांची संख्या एकदा घटली की भरून यायला फार काळ लागतो.

मी लिहितेय ते मालदीवच्या उत्तर माले अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) लंकन मांटा पॉइंटसारख्या जागांबद्दल. नैऋत्य मोसमात, साधारण मे ते नोव्हेंबर, पूर्वेकडच्या बाजूला प्लवक, म्हणजे मांटांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव, साचतं आणि मांटा तिकडे येतात. मालदीवमधल्याच हनीफारू खाडीत स्कुबाला, म्हणजे टाकी घेऊन डाइव्हला, बंदी आहे, तिथे फक्त स्नॉर्केलिंग. कुणी टाकी घेऊन नेतो म्हणाला तर त्याच्यासोबत जाऊ नका.

ऑपरेटर निवडताना एकच प्रश्न विचारा: मांटा दिसल्यावर गाइड काय करायला सांगतो? उत्तरात ‘जवळ जा’ असेल तर दुसरा शोधा.

पाण्यात उतरताना धपकन उडी नको. गाइड दाखवेल त्या वाटेने, प्रवाळापासून अंतर ठेवून खाली जा.

आता खरी अवघड गोष्ट. मांटा इथे अंग स्वच्छ करून घ्यायला येतात. प्रवाळाच्या एका ठरावीक खडकावर ते प्रवाहाकडे तोंड करून संथ होतात आणि क्लीनर रास नावाचे छोटे निळे मासे त्यांच्या कल्ल्यांतले, कातडीवरचे परजीवी टिपतात. तुम्ही त्या खडकावर किंवा येण्याच्या वाटेवर असलात तर मांटा वळतो आणि सफाई अर्धवट राहते. म्हणून खडकाच्या बाजूला, तळालगत, किमान तीन मीटर लांब राहायचं. ऐकायला सोपं आहे. प्रवाहात करून बघा.

मला ते पहिल्यांदा जमलं नाही. कंबरेला बांधलेलं शिशाचं वजन जास्त होतं, ते झाकायला बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात, हवा भरलेली होती. थोडी वर गेले की ती हवा फुगायची आणि मला आणखी वर न्यायची. घाबरून हवा सोडली की खाली आदळायचे. एकदा पायातली फिन प्रवाळावर लागली, तुकडा मोडला. समोरचा मांटा निघून गेला आणि त्या डाइव्हमध्ये परत आला नाही. त्यानंतर मी पुढची डाइव्ह नुसती वजन ठरवण्यासाठी केली.

तुम्हीही तेच करा. डाइव्ह संपत आल्यावर, टाकीत 50 बार दाब उरलेला असताना, पाच मीटरवर बीसीडी जवळजवळ रिकामी करून तरंगा. बुडत असाल तर वजन कमी करा. भरलेल्या टाकीने हे ठरवू नका. वापरलेल्या हवेचंच वजन दोन किलोच्या आसपास असतं, शेवटी तुम्ही तेवढे हलके होता. मग सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येण्याआधी तिथेच थांबायची, तीन मिनिटं आडवं राहून, फिन न हलवता काढा. श्वास घेतल्यावर शरीर लगेच वर जात नाही, एक-दोन सेकंदांनी जातं. तो उशीर अंगात मुरला की थांबणं जमतं. मालवण-तारकर्लीत प्रशिक्षक टाकी धरून फिरवतो, तो अनुभव सुंदरच. पण तेवढ्या बळावर मांटाच्या जागी जाऊ नका.

आणि एक सल्ला मला मनापासून चीड आणतो: ‘मांटा डोक्यावर आला की श्वास रोखा, बुडबुड्यांनी तो बिचकतो.’ बुडबुड्यांनी बिचकतो हे खरं. पण स्कुबात श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. रोखलेल्या श्वासाने थोडं वर गेलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. उपाय वेगळा आहे. मांटा कुठून येतात ते गाइडला आधीच विचारा, बुडबुडे त्यांच्या वाटेत उठणार नाहीत अशा बाजूला बसा आणि श्वास संथ चालू ठेवा. मांटा अनपेक्षितपणे डोक्यावर आलाच तर श्वास हळूहळू, बारीक धारेत सोडा.

हात लावू नका. कातडीवर संरक्षक चिकट थर असतो, तो निघतो. मांटा स्वतः जवळ आला तरी हात अंगाशीच. फ्लॅश बंद. पाठलाग तर नाहीच. मांटा गेला की जागेवरच दहा मिनिटं थांबा, पुष्कळदा तोच वळसा घेऊन परत येतो.

निघताना खडकावरून वर चढू नका. आधी बाजूला, आलात त्या वाटेने मागे, मग वर.

बसल्या जागेवरून पोटाचा फोटो मिळाला तर तारीख आणि ठिकाण लिहून गाइडकडे द्या. पोटावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक मांटाची वेगळी असते आणि त्यावरूनच संशोधक एकेक मांटा ओळखतात.