नुसत्या बफरमधल्या दोन रेषा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला आवळ्याच्या रसातलं क जीवनसत्त्वाचं रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावल्यावर उरणारं त्याचं एकट्या इलेक्ट्रॉनचं रूप, पकडायचं होतं. आठवड्याभरातच ईएसआरच्या, म्हणजे असे एकटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन सुबक रेषा उमटल्या. मधलं अंतर 1.8 गाउस (चुंबकीय क्षेत्राचं एकक), रेषांची जागा सांगणारं जी-मूल्य 2.005. ॲस्कॉर्बिल रॅडिकलचा, म्हणजे क च्याच रॅडिकलचा, एकटा इलेक्ट्रॉन चौथ्या कार्बनवरच्या हायड्रोजनमुळे अशाच दोन रेषांत विभागला जातो. मी हवेत! सरांनी एवढंच विचारलं, "ऑक्सिडंट न घालता चालवून पाहिलंस का?"

पाहिलं. रॅडिकल मुद्दाम घडवणाऱ्या ऑक्सिडंटशिवायही रेषा होत्याच. रसाऐवजी बाटलीतलं शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे क) घेतलं, तरी होत्या.

चोर फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे नमुन्याची आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, होता. त्यात लोखंड-तांब्याचे अंश असतात आणि त्यांच्या जोरावर हवेतला ऑक्सिजन ॲस्कॉर्बेट (द्रावणातलं क) संपवत राहतो, म्हणून रॅडिकल आपोआपच बनत राहतं. तेव्हा बफर आधी धातू शोषणाऱ्या चेलेक्स रेझिनवर ठेवा, मग धातू जखडणारं थोडं डीटीपीए घाला. त्याच जातीचं ईडीटीए नको, त्याने धरलेलं लोखंड आपला उद्योग चालूच ठेवतं. बफर स्वच्छ झाला की नाही, हे साध्या यूव्ही यंत्रावरही कळतं. त्यात ॲस्कॉर्बेट घालून 265 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणावर पंधरा मिनिटं नजर ठेवा. आकडा घसरत असेल तर धातू अजून आहेत. माझे यात तीन आठवडे गेले.

ईएसआर यंत्रावर नवख्यांचा पहिला दिवस बहुधा ट्यूनिंगमध्येच जातो. नेहमीच्या 4 मिमी नळीत पाण्यातला नमुना भरला, तर पाणीच मायक्रोवेव्ह पिऊन टाकतं आणि कॅव्हिटी (नमुना ठेवायची मायक्रोवेव्हची पोकळी) ट्यून होत नाही. त्यासाठी क्वार्ट्‌झचा चपटा फ्लॅट सेल मागून घ्या आणि तो तिरपा धरून भरा, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम दिलेला हेलकावा) 1 गाउसच्या आत ठेवा. मी एकदा कुणाच्या तरी तांब्याच्या नमुन्याची सेटिंग तशीच उचलली, 4 गाउसची. दोन्ही रेषा मिळून एक ढेकूळ झालं.

या कामातलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य मात्र क आणि ई एकत्र असतानाचं. ई जीवनसत्त्वाचं रॅडिकल एकटं असलं की सात ठळक रेषा देतं. शेजारी क असेल तर त्या दिसतच नाहीत, फक्त क च्या दोन दिसतात. कारण क आपला इलेक्ट्रॉन देऊन ई ला पूर्ववत करतं: ई च्या रॅडिकलचं रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) सुमारे 500 मिलिव्होल्ट, क च्या रॅडिकलचं 282. क संपत आलं की दोन रेषा विरतात, आणि मग ई च्या सात डोकं वर काढतात. डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचा जांभळा रंग उतरला की पदार्थाला 'अँटिऑक्सिडंट' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे एकदा तरी पाहावं.

तुमच्या कॉलेजात यंत्र नसेल तर पवईला आयआयटीच्या 'सैफ' या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचेही नमुने घेतात. फक्त ॲस्कॉर्बिलचा नमुना कुरिअरने पाठवू नका. द्रावणं वेगवेगळी, बर्फात घालून स्वतः घेऊन जा आणि यंत्राशेजारीच मिसळा.