घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणताय? मग आधी हे वाचा

गणपती झाले की दर वर्षी दोघीतिघी तरी विचारतातच, ताई आम्हाला पण फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, सुरुवात कशी करायची. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून घसा दुखतो म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डोंबिवलीत राहते, वन बीएचके, ओटा सहा फुटांचा, त्यामुळे जागा नाही ही सबब माझ्याकडे सांगू नका.

पहिलं म्हणजे, तुमच्या हाताला चव आहे हे मी धरूनच चालते. सासरमाहेरचे सगळे वाहवा करतात म्हणूनच तर तुम्ही या विचारापर्यंत आलात ना. पण धंदा चवीवर अडत नाही, तो अडतो भाव लावताना. नवीन मुली काय करतात, शेजारच्या गल्लीतल्या काकूंचा रेट बघतात आणि त्यापेक्षा 20 रुपये कमी लावतात, झालं. किंवा कुणीतरी सांगितलेलं असतं की सामानाच्या दुप्पट लावायचे, मग डोळे मिटून सगळ्याच पदार्थांना दुप्पट. हा हिशोब फराळाला लागूच पडत नाही, कारण काही पदार्थांत पैसा सामान खातं आणि काहींत हात खातात.

बेसन लाडू घ्या. माझं प्रमाण एक किलो बेसनाला अर्धा किलो साजूक तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. समजा बेसन 100 रुपये, तूप 650 रुपये किलोनी अर्ध्याचे 325, साखरेचे 38, वेलची बेदाणे धरून 60, म्हणजे 523 रुपयांत सव्वादोन किलो लाडू, किलोला सामानाचेच साधारण 232 पडले. पण मेहनत बघा, बेसन मंद आचेवर भाजायला लागेल तो एक तास आणि वळायला अर्धा तास. शंभर रुपये तासाने दीडशे रुपये मजुरी, किलोला 66-67. आता चकली घ्या. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, सगळं स्वस्तच. तेल सोडलं तर सामान असं काही लागतच नाही. पण धुणं, वाळवणं, एकेक जिन्नस वेगळा भाजणं, गिरणी, उकड, मळणं, पाडणं आणि मग तळत उभं राहणं, यात अख्खी दुपार जाते आणि दंड भरून येतो तो वेगळाच. चकलीला सामानाच्या दुप्पट लावलेत तर तुम्ही फुकट राबलात असं समजा, आणि लाडवाला दुप्पट लावलेत तर गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी येत नाही. करंजीचं तर विचारूच नका, सारण भरायला एक आणि लाटायला एक अशा दोघी लागतात आणि तरी तासात फार होत नाहीत.

म्हणून प्रत्येक पदार्थाचा एक घाणा घड्याळ लावून करा आणि वही घेऊन बसा. काटा घ्या, किचनचा डिजिटल साधा चालतो. तळणीच्या आधी आणि नंतर तेल मोजा, जे कमी झालं ते चकल्यांनी प्यायलं, त्याचेही पैसे धरायचे. तयार माल मोजा, कच्च्या पिठावर हिशोब करू नका. गॅस, पिशव्या, डबे, स्टिकर, रिक्षा सगळं लिहा. आणि स्वतःच्या तासाचे पैसे धरा. यावर घरातूनच पहिला आवाज येतो, अगं तू घरीच तर असतेस. असू दे घरी, तुमच्या जागी बाई लावली तर ती किती घेईल तेवढे धरा आणि विषय संपवा.

पहिल्या वर्षी काय घ्यावं? बेसन लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी आणि चकली, बास. करंजी, अनारसे, चिरोटे यांना हात जोडून नाही म्हणायचं. ऑर्डर किती घ्यायची तर घरातल्या दोन माणसांना मिळून रोज किती किलो निघतं ते बघून त्याच्या पाऊणपट, कारण मधे एक दिवस लाइट जाणार, एक दिवस पाहुणे येणार हे ठरलेलंच असतं.

आता चकलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ऑर्डरी येतात त्या चकलीवर आणि बोंबही तिथेच होते. भाजणी एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ आणि पाव किलो उडीद डाळ, वर थोडे पोहे, धणे, जिरे. धुवून सावलीत फडक्यावर कडकडीत वाळवायचं. पाऊस गेला आणि ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की दोन दिवसांत वाळतं, म्हणून भाजणी नवरात्रातच करून डबा भरून ठेवते मी. भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आच, रंग फार बदलू द्यायचा नाही. गिरणीवाल्याला सांगायचं, दादा तांदळावर दळा, गव्हावर नको. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू जात्यात राहिलेले असले तर ते तुमच्या भाजणीत येतात आणि चकली बिघडते. चांगला गिरणीवाला स्वतःच विचारतो, त्याला दिवाळीला फराळाचा पहिला डबा द्या, पुढच्या वर्षी रांगेत उभं राहावं लागत नाही.

उकड काढताना पाण्यात तेल, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ, उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालून झाकण. तासाभराने कोमट पाण्याचा हात लावून मळायचं आणि एका वेळी सोऱ्यात मावेल तेवढंच मळायचं. मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दगड. पाडताना तुटत असेल तर बहुतेक वेळा पीठ कोरडं असतं, अजून मळा. एक चकली तळून, गार करून, मोडून बघितल्याशिवाय पुढचं पीठ पाडायचं नाही. गरम असताना सगळ्याच कुरकुरीत लागतात हो! तेलात सोडल्यावर भसाभस बुडबुडे येतात, ते शांत होत गेले की आतलं पाणी गेलं, मग काढायची. रंग बघून काढली की बाहेरून लाल आणि आतून मऊ, आणि तीच दोन दिवसांनी फोनवर परत येते, ताई चकली मऊ पडली.

तेल किती वेळा वापरायचं यावर मी जरा कडक आहे. 2018 च्या जुलैपासून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी ते मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, वर फेस धरायला लागलं, लवकर धूर यायला लागला की समजायचं. त्याच तेलात नव्या तेलाची भर घालून रेटायचं नाही.

कागदपत्रांची उगाच धास्ती घेतात बायका. घरगुती छोट्या धंद्याला एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, त्यांच्याच फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं. मी काढलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला ते चालायचं आणि फी वर्षाला 100 रुपये होती, आताची तिथेच बघून घ्या. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, एजंटला हजार दोन हजार देण्यासारखं त्यात काही नाही. 14 आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा, सोबत पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगला राहील ते, तुमचं नाव पत्ता आणि हिरवा ठिपका. शेंगदाणे, काजू घातले असतील तर ठळक लिहा. गॅसचं मात्र लक्षात ठेवा, घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यासाठी चालत नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो.

पैशांचं. सामानाचे पैसे ऑर्डरसोबतच, म्हणजे निम्मे आगाऊ. ओळखीच्यांकडे मागायला जीभ रेटत नाही, कळतं मला. पण मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका आठवा. गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायचं, पैसे पगाराला, तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. त्यांना त्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. चवीला त्या बायका कमी नव्हत्या, अडत होतं ते खेळतं भांडवल. तर व्हॉट्सअॅपवर यादी टाकतानाच खाली लिहून टाकायचं, आगाऊ रक्कम आल्यावरच ऑर्डर पक्की. एकदा लिहिलं की तोंडाने मागावं लागत नाही.

ऑर्डर दसऱ्याला बंद. नंतर आत्या आली तरी नाही. करायचा क्रम असा ठेवा, आधी शंकरपाळी आणि चकली, मग लाडू, चिवडा सगळ्यात शेवटी. बेसन भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालू नका, पाघळते आणि लाडू बसतात. पोहे आधी उन्हात ठेवून मग मंद आचेवर हलवा, आच मोठी केली की आकसतात. पॅकिंग रात्री गडबडीत करू नका, माल आतपर्यंत गार झालेला नसला तर पिशवीला आतून घाम सुटतो. त्या पंधरा दिवसांत घरच्यांना वरणभात आणि लोणचं, कुणी कुरकुर केली तर त्याला सोऱ्या फिरवायला बसवा.

परदेशी पार्सलांचा मोह सगळ्यांना असतो. मी फक्त माल करून, घट्ट पॅक करून देते, कुरियर गिऱ्हाइकाने करायचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऐन सणांच्या तोंडावर आपल्या पोस्टाने अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली होती, तेव्हा ज्यांनी पोचवायची हमी घेतली होती त्यांची काय धांदल झाली असेल विचार करा. खव्याचं काही पाठवू नका.

अनारसे पहिल्या वर्षी नको म्हटलं, पण दिवाळीनंतर फावल्या वेळात शिका जरूर, कारण त्यांना दिवाळीशिवाय अजून एक सीझन आहे. अधिक महिना. जावयाला 33 अनारसे द्यायचे असतात आणि करणाऱ्या सासवा दिवसेंदिवस कमी होत चालल्यात, त्यामुळे ऑर्डर चालून येते. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणजे साधारण तीन वर्षांनी एकदा. जुने तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे आणि दमट असतानाच दळून बारीक चाळणीने चाळायचे. पिठाच्या वजनाएवढाच किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळे करून डब्यात चारपाच दिवस. चिकीचा गूळ घेऊ नका, साधाच घ्या. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडली की काढून चाळणीत उभा करून ठेवायचा, तूप निथळतं. तुपात पसरून फुटला तर हसला म्हणायचं, पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून परत बघायचं. जाळीच पडत नसेल तर केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळायचा. पहिला नेहमी एकटाच सोडा, चार एकदम नको, साजूक तुपाचा भाव काय आहे माहितीये ना. आणि भाव किलोवर नाही, नगावर लावायचा, कारण विचारणारा 33 च मागतो, त्यातही दोनचार जास्तीचे करून ठेवायचे, एखादा मोडतोच.