मंडळीची (चर्चची) उन्हाळी बायबल शाळा: आधी पाण्याचं बघा

पुण्यात मे महिन्यात पारा 40 गाठतो, म्हणून वर्ग सकाळी 8 ते 11, पाचच दिवस. आमच्या वानवडीच्या मंडळीत पहिल्या वर्षी मी साडेबारापर्यंत ताणलं. दोन पोरं घेरी येऊन बसली आणि आयांनी मला धारेवर धरलं. तेव्हापासून दर तासाला पाणी, मधल्या सुट्टीत कोकम सरबत. फॉर्मवर पालकांचा नंबर, अ‍ॅलर्जी आणि मुलाला न्यायला कोण येणार, हे लिहून घ्याच. प्रत्येक खोलीत दोन मोठी माणसं हवीत.

गोष्ट मात्र दिवसाला एकच. बायबलमधल्या लूकच्या 19व्या अध्यायातला जक्कय घ्या: येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार. जकातदार म्हणजे कोण, हे पोरांना ठाऊक नसतं, कारण पुण्यातली जकात 2013 मध्येच गेली. 'टोलवाला' म्हटलं की लगेच कळतं (अगदी बरोबर नाही, पण चालतं). गोष्ट करून दाखवताना उंबराचं झाड म्हणजे आमची रंगकामाची घोडी. सगळ्यांत बुटक्या पोराला वर चढवायचं, खाली दोघांनी घोडी घट्ट धरायची. येशू 'जक्कया, लवकर खाली ये' म्हणतो, तेव्हा आमचा जक्कय दरवर्षी हमखास म्हणतो, 'अजून थोडा वेळ!'

पाठांतराला एकच वचन. हस्तकलेला जुन्या लग्नपत्रिका उत्तम, फेविकॉल मात्र ताईंच्याच हातात.